मध्यंतरानंतर काय झालं?

«ताई, मी वीस वर्षांची आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, राहायला धायरीला. पिक्चरचं मला भयंकर वेड आहे. मराठी, हिंदी, साउथचे, इंग्लिश, काहीही चालतं. बघून झालं की येताना बसमध्येच दोन मिनिटांची व्हॉइस नोट करून आमच्या ग्रुपवर टाकते. ग्रुपमध्ये मावस-चुलत भावंडं, मैत्रिणी, बिल्डिंगमधली मुलं असे चाळीसेक जण आहेत. ‘भारी’, ‘पकाऊ’, ‘ओटीटीवर आला की बघा’, ‘शेवटची वीस मिनिटं सोडली तर झकास’ असं काहीबाही बोलते. सगळ्यांना आवडतं. शुक्रवारी रात्री लोक विचारतात, आज नोट कुठंय?

दहा दिवसांपूर्वी एक छोटा मराठी पिक्चर बघितला. बघितला म्हणजे आम्ही इंटरव्हललाच उठून आलो. मी नोट टाकली, ‘स्लो आहे, झोप येते, पैसे वाचवा.’ माझ्या मैत्रिणीचा मोठा भाऊ त्याच पिक्चरचा असिस्टंट एडिटर आहे हे मला माहीतच नव्हतं. त्याच्या घरची आठ माणसं रविवारी जाणार होती, ती माझी नोट ऐकून गेलीच नाहीत. तो मला म्हणाला, ‘आम्ही तीन वर्षं घासलो आणि तू दोन मिनिटांत निकाल लावलास. तुला सिनेमातलं काय कळतं?’ त्या रात्री मी खूप रडले. बाबा म्हणतात, बरं झालं, आता अभ्यास कर.

अजून एक. हल्ली पिक्चर संपायच्या आधीच माझ्या डोक्यात नोट सुरू होते. आणि मला आवडलेल्या पिक्चरला लोक नावं ठेवायला लागले की मलाही तो आवडेनासा होतो. मग माझं मत नेमकं कुठलं? ताई, मी बोलणं बंद करू का? की आधी शिकू आणि मग बोलू?»

— शुक्रवारची प्रेक्षक

प्रिय मुली,

एरवी मी पत्रं आली तशी रांगेने घेते. तुझं वर काढलं, कारण तू म्हणतेस तो चित्रपट पुण्यात आता एकाच पडद्यावर उरला आहे. सकाळी साडेनऊचा एक शो. येत्या शुक्रवारी नवे चित्रपट लागले की तोही उतरेल. तुझ्या प्रश्नांतल्या एकाचं उत्तर गुरुवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं होतं.

बोलणं बंद करू नकोस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू धडधडत्या छातीने वाचणार नाहीस.

माझी आई सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन वाईजवळच्या एका खेड्यातून शनिवार पेठेत आली. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा वाड्यातल्या बायकांबरोबर तीनच्या खेळाला जायची, कधी विजयला, कधी प्रभातला. परत आली की पातळ बदलता बदलता आम्हाला सिनेमा सांगायची, आणि शेवटी तिचं मत. एकदा ती म्हणाली, ‘‘चांगला होता, पण ती बाई ओल्या लाकडाची चूल फुंकते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत नाही. तिथून पुढे मला तिचं काहीच खरं वाटेना.’’ कॅमेरा कशाशी खातात हे आईला माहीत नव्हतं. चूल माहीत होती. पुढे आयुष्यभर मी चित्रपटांवरचे पुष्कळ मोठे लेख वाचले, पण एवढ्या थोड्या शब्दांत एवढं नेमकं सांगणारे फार थोडे भेटले.

‘तुला काय कळतं’ या प्रश्नाने तू रडलीस. तर मग बघू, तुला काय कळतं. सकाळी सातला धायरी फाट्यावरून भरलेल्या बसमध्ये चढून डेक्कनला उतरलेली मुलगी कशी दिसते, हे तुला कळतं. पडद्यावर ती इस्त्रीच्या कुर्त्यात, केस जागच्या जागी असलेली उतरली, तर ते माझ्याआधी तुझ्या लक्षात येईल. कॉलेजची मुलं एकमेकांशी खरंच कशी बोलतात, घरी फीचे पैसे मागताना आवाज कसा होतो, चुलत बहिणीच्या लग्नात कोण कोणावर रुसतं, हे तुला कळतं. या जागांवर तू दिग्दर्शकापेक्षा जास्त जाणकार असू शकतेस. तुझं मत तिथून येऊ दे. ‘पकाऊ’ म्हणालीस तर चाळीसजणांना एवढंच कळतं की तू कंटाळलीस. ‘ती मुलगी बसमधून उतरली तशी वाटलीच नाही’ म्हणालीस तर त्यांना तो चित्रपट थोडा दिसतो, आणि तूही दिसतेस.

आता चुकीबद्दल बोलते, कारण चूक झाली आहे.

तुला कंटाळा आला, ही चूक नाही. कंटाळा आला असं सांगितलंस, तीही नाही. तू अर्धा चित्रपट पाहिलास आणि अख्ख्याचा निकाल दिलास, आणि अर्धाच पाहिला हे सांगितलं नाहीस. ‘आम्ही इंटरव्हलला निघून आलो’ एवढी चार शब्दांची भर त्या नोटेत असती, तर मी तुझ्या बाजूने भांडले असते. ऐकणाऱ्याला मग ठरवता आलं असतं की या मताला किती वजन द्यायचं.

ही चूक मी केली आहे, म्हणून एवढ्या ठामपणे बोलते आहे. तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असताना मी इथल्या एका फिल्म सोसायटीत जायचे. एका शाळेच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या मांडून खेळ व्हायचे. एकच प्रोजेक्टर असायचा. रीळ संपलं की दिवे लागायचे आणि ऑपरेटर काका नवं रीळ चढवायचे. त्या रात्रीचा चित्रपट परदेशी होता, शब्द कमी. चौथं रीळ चढत होतं तेव्हा मी आणि मैत्रीण चहाला बाहेर पडलो आणि गप्पांत रंगलो. परतलो तेव्हा पाचवं सुरू झालं होतं. खेळानंतर चर्चा व्हायची. मी उभी राहून म्हणाले की यातला मुख्य माणूस दगडासारखा आहे, त्याच्या चेहऱ्यावर दोन तासांत एक रेघ हलत नाही, दिग्दर्शकाला माणसं कळत नाहीत. मला चांगलं बोलता यायचं. लोकांनी माना डोलावल्या.

सगळे पांगल्यावर काका रिळं डब्यात भरत होते. वर न बघता म्हणाले, ‘‘बाई, चौथ्या रिळात तुम्ही नव्हता. तो हसतो त्यात.’’

त्या एका हसण्यासाठी बाकीचा चेहरा दगडासारखा ठेवला होता, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी तो चित्रपट पुन्हा मिळाला तेव्हा दिसलं. पण ज्यांनी माझं ऐकून माना डोलावल्या, त्यांच्यापैकी किती जणांना मी ते नंतर सांगू शकले? एकालाही नाही. तुझा ग्रुप अजून तुझ्या हातात आहे.

तुझ्या बाबतीत यात एक गोष्ट आणखी आहे, आणि ती बहुतेक प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. आपले मोठे हिंदी, तेलुगू, तमिळ चित्रपट मध्यंतर धरून लिहिलेले असतात. अर्धी गोष्ट झाली की एक दणका ठेवलेला असतो. कोणी तरी मरतं, कोणाचं तरी खरं रूप उघडं पडतं, नायक वळून बघतो आणि पडद्यावर ‘मध्यंतर’ येतं. आपण समोसा खातो ते त्या दणक्यावर बोलत. लहानपणापासून आपला कान त्याला तयार झालेला आहे. पण पुष्कळ छोटे चित्रपट, विशेषतः जे आधी महोत्सवांतून फिरून येतात ते, सलग बघायचे म्हणून बांधलेले असतात. त्यांत मध्यंतर नसतंच. आपल्याकडे कँटीन चालायचं तर मध्यंतर हवं, म्हणून मध्येच कुठे तरी दिवे लावतात. प्रेक्षक उठतो आणि म्हणतो, ‘अजून काहीच झालं नाही!’ बरोबर आहे. कारण तिथे काही व्हायचंच नव्हतं. तू ज्या क्षणी उठलीस तो क्षण चित्रपटाने निवडलेला नव्हता.

मैत्रिणीच्या भावाबद्दल. त्याचं दुःख मला समजतं, पण त्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य नाही. तीन वर्षं घासलो म्हणून चित्रपट चांगला होत नाही. घासणं पडद्यावर दिसत नाही, दिसायची गरजही नसते. तिकीट काढून आलेल्या माणसाने घामाची किंमत म्हणून टाळ्या वाजवाव्यात ही अपेक्षा चूक आहे. आणि ‘मराठी आहे, छोटा आहे, सांभाळून घ्या’ हे तर मला अजिबात पटत नाही. अशा दयेच्या कौतुकाने मराठी चित्रपटाचं फार नुकसान केलं आहे. प्रेक्षक एकदा भिडेखातर जातो, निराश होतो, आणि पुढच्या वेळी खरोखर चांगल्या चित्रपटालाही जात नाही. तू भिडेने बोलू नकोस. त्या भावासाठीसुद्धा नाही.

पण तो काय काम करतो, हे मात्र समजून घे. असिस्टंट एडिटर म्हणजे शूटिंगचा सगळा पसारा लावून ठेवणारा माणूस. रोज आलेला प्रत्येक टेक, म्हणजे प्रसंगाचं एकेकदा केलेलं चित्रण, तपासायचा, त्याचं चित्र आणि आवाज जुळवायचा, नावं घालायची, आणि एडिटरने ‘तिचा तो दुसरा, थोडा थांबलेला टेक दे’ म्हटलं की क्षणात काढून द्यायचा. त्यामुळे तो चित्रपट त्याने इतक्या वेळा बघितला आहे की आता त्याला तो दिसतच नसेल. पहिल्यांदा बघणाऱ्याला कुठे धाप लागते, कुठे तो हरवतो, हे त्याला आता कधीच अनुभवता येणार नाही. म्हणून तर एडिटर मंडळी काम होत आलं की बाहेरच्या चार माणसांना बसवून दाखवतात आणि पडद्याऐवजी त्या माणसांकडे बघत राहतात. पहिल्यांदा बघणं ही तुझ्याकडची गोष्ट आहे, त्याच्याकडची नाही. ‘तुला काय कळतं’ असं तो रागात म्हणाला. शांत असता तर त्यानेच तुला विचारलं असतं, ‘नेमकं कुठे कंटाळा आला?’

या प्रश्नाचं उत्तर तुला देता येईल का? ‘स्लो’ हा शब्द मी तुझ्याकडून महिनाभरासाठी काढून घेते आहे. त्याच्या पोटात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी लपतात. कधी एकच दृश्य न कापता लांब चालतं आणि आपल्याला कुठे बघायचं कळत नाही. कधी गोष्ट पुढे सरकतच नाही, तेच ते पुन्हा सांगतात, आणि तो खरा दोष असतो. कधी पडद्यावर असं एकही माणूस नसतं ज्याचं पुढे काय होईल याची आपल्याला काळजी वाटावी. आणि कधी आपणच दिवसभराचे दमलेले असतो. पुढच्या वेळी एवढंच लक्षात ठेव की हात पहिल्यांदा फोनकडे गेला तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं. समज, एक बाई भाकऱ्या थापते आहे. मिनिट झालं, दीड मिनिट झालं. तू फोन काढलास. पण त्याच वेळी बाहेर मोटारसायकल येऊन थांबल्याचा आवाज झाला होता का? दार वाजलं नाही, आणि थापायचा हात थोडा हळू झाला, असं काही होतं का? हाताशी पैसे कमी असलेले दिग्दर्शक पुष्कळदा गोष्ट आवाजावर सोपवतात, आवाजाला सेट लागत नाही. ती दीड मिनिटं रिकामी होती असं पूर्ण बघून, ऐकून तुझं मत झालं, तर बिनधास्त रिकामी म्हण.

याच ओघात एक सांगून ठेवते. दर वेळी चित्रपटच दोषी असतो असं नाही. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की पडदा मंद होतो आणि रात्रीचे प्रसंग चिखलासारखे दिसतात. सकाळच्या रिकाम्या शोला आवाजही पुष्कळदा खाली ठेवलेला असतो. मी सरळ बाहेर जाऊन आवाज वाढवायला सांगते. दहापैकी आठ वेळा वाढवतात. तूही सांगत जा, तिकिटाचे पैसे दिलेले असतात.

आता त्या आठ माणसांबद्दल. शेकडो पडद्यांवर लागलेल्या मोठ्या चित्रपटाला तू शिव्या घातल्यास तर त्याचं काही बिघडत नाही. पण ज्याला पुण्यात दोन-तीनच शो मिळतात, त्यातही एक सकाळचा आणि एक भर दुपारचा, त्याचा जीव पहिल्या शुक्रवार ते रविवारात असतो. त्या तीन दिवसांच्या गर्दीवर पुढच्या आठवड्याचे शो ठरतात. चार-पाच तिकिटंच गेली म्हणून शो रद्द झाला आणि पैसे परत घेऊन मला घरी यावं लागलं, असं माझ्या बाबतीत दोनदा झालं आहे. तिथे आठ माणसं म्हणजे एक चाललेला शो आणि एक न चाललेला शो यांतला फरक. हे मी तुला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. तुझ्या शब्दाला किती वजन आहे हे तुलाच माहीत नव्हतं, ते आता माहीत असू दे. मोठ्या चित्रपटाबद्दल घाईने बोललीस तरी चालेल. छोट्याबद्दल बोलायच्या आधी पूर्ण बघ.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते शेवटचं. पिक्चर संपायच्या आधीच डोक्यात नोट सुरू होते, हे. वीस वर्षांच्या मुलीचं अंधारात बसून हरवून जाणं हिरावलं जात असेल, तर ते मला त्या आठ तिकिटांपेक्षा मोठं नुकसान वाटतं. म्हणून नोट बसमध्ये करायची नाही. हा माझा सल्ला नाही, आग्रह आहे. अलकाला बघितलास तर फोन पिशवीत टाक आणि टिळक रस्त्याने स्वारगेटपर्यंत चालत जा. अर्धा तास लागेल. मध्ये एखाद्या अमृततुल्यला थांब. मैत्रीण बरोबर असेल तर तिला आधीच सांग की चहा येईपर्यंत पिक्चरवर बोलायचं नाही. चालताना काहीतरी आपोआप डोळ्यांपुढे येईल. एखादा चेहरा, एखादं दार, कोणी तरी कसं वळलं ते. ते मुद्दाम आठवायचं नाही, येईल ते येऊ द्यायचं. तेच तुझं. नोट रात्री जेवण झाल्यावर कर, आणि सुरुवात त्या दिसलेल्या गोष्टीपासून कर. भारी की पकाऊ ते शेवटी सांग, किंवा विसरलीस तरी चालेल.

आणि घरी आल्यावर, दुसऱ्या कोणाचंही काहीही ऐकायच्या आधी, एका वहीत चार ओळी लिही. तारीख, थिएटर, कितीचा शो, बरोबर कोण होतं, काय आवडलं आणि का. नंतर लोक नावं ठेवू लागले आणि तुझं मन डळमळलं की वही उघड. त्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट तुला खरोखर दिसली नव्हती आणि आता पटते आहे, तर खुशाल मत बदल आणि ग्रुपवर तसं सांग : ‘शनिवारी आवडला होता, आता कमी आवडतो, कारण अमुक.’ पण त्या ‘कारण’पुढे लिहायला काहीच सापडलं नाही, तर तुझं मत बदललेलं नाही. तू फक्त एकटी पडायला घाबरलीस. वीसाव्या वर्षी सगळेच घाबरतात.

वही म्हटली की मला लॉ कॉलेज रस्त्यावरचे नायरसाहेब आठवतात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते उभं केलं. अंधाऱ्या थिएटरात बसून वहीत टिपणं काढणारा माणूस अशी पुण्यातल्या कितीतरी जणांना त्यांची आठवण आहे. २०१६ मध्ये ते गेले, पुण्यातच. त्यांनी चित्रपट गोळा करताना चांगला-वाईट अशी निवड केली नाही. मिळेल तो डबा आणला. आपल्याकडे मूकपटांच्या काळात हजाराहून जास्त चित्रपट बनले, त्यांतले अगदी थोडे आज उरले आहेत. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा पूर्ण उरलेला नाही, काही भागच आहेत. बाकीचे चित्रपट आज फक्त जाहिरातीत, एखाद्या छायाचित्रात, आणि कोणी तरी तेव्हा लिहून ठेवलेल्या दोन ओळींत आहेत. त्या ओळी लिहिणारे सगळे काही पंडित नव्हते. तुझ्या व्हॉइस नोटा पुढच्या फोनमध्ये राहतील की नाही कोण जाणे. वही राहते.

शिकण्याबद्दल विचारलंस. शिक, जरूर शिक, पण बोलायची परवानगी मिळावी म्हणून नको. तू इतक्या नशिबाच्या गावात राहतेस! प्रभात कंपनी कोल्हापुरात १९२९ साली निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्याच जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ‘संत तुकाराम’ तिथेच झाला, १९३६ साली. दुसऱ्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला. तो करणारे दामले आणि फत्तेलाल सिनेमाच्या कुठल्या शाळेत गेले नव्हते, तेव्हा अशी शाळाच नव्हती. ते कोल्हापुरात मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली काम करत शिकले. आणि ज्यांनी तो वर्षभर चालवला, त्या प्रेक्षकांना कॅमेऱ्यातलं काही कळत नसलं तरी तुकोबांचे अभंग कानावर घेत ती माणसं मोठी झाली होती. आपला तुकाराम कसा असतो हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय मिळून चित्रपट रसग्रहणाचा अभ्यासक्रम घेत आले आहेत. मी केला तेव्हा भर उन्हाळ्यात महिनाभर होता, सकाळी व्याख्यानं, संध्याकाळी चित्रपट, आणि मधल्या वेळात आंब्याच्या झाडाखाली वाद. आता इन्स्टिट्यूटचे कमी मुदतीचेही पुष्कळ असतात. बी.कॉम. झाल्यावर बघ. तोवर जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, विद्यार्थ्यांना नोंदणी स्वस्त पडते. दिवसाला चार चित्रपट बघू नकोस, दोनच बघ, नाहीतर तिसऱ्या दिवशी सगळ्यांची खिचडी होते. तिथे जायचं ते आपली मतं मोठी दिसावीत म्हणून नाही. ज्या गावाची भाषाही आपल्याला येत नाही, तिथली बाई चूल कशी फुंकते हे बघायला जायचं.

बाबांशी भांडू नकोस. परीक्षेच्या महिन्यात शुक्रवार सोड, आणि पिक्चरचे पैसे आठवड्याला एका तिकिटापुरते ठेव, सकाळचा शो स्वस्त असतो. एकदा त्यांनाच बरोबर घेऊन जा आणि परतताना त्यांचं मत विचार. ‘बरा होता’ म्हणतील. त्यावर थांबू नकोस, काय बरं होतं ते विचार. माझा अनुभव असा की त्या पिढीच्या माणसांना हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारलेलाच नसतो.

राहिलं ते गुरुवारच्या आतलं काम. आज रात्रीच ग्रुपवर एक नोट टाक. ‘मागच्या आठवड्यात त्या पिक्चरबद्दल बोलले ते मी अर्धाच पाहून बोलले होते, इंटरव्हलला उठून आले होते. तेव्हा ते सांगितलं नाही, चुकलं. पूर्ण बघून पुन्हा बोलते.’ एवढंच. रडगाणं नको, बचाव नको. मैत्रिणीच्या भावालाही हेच कळव. चित्रपट आवडेल असं वचन त्याला देऊ नकोस. उलट विचार, ‘दादा, तुम्ही स्वतः जुळवलेला कुठला प्रसंग आहे?’ बघ, राग किती टिकतो.

आणि मग साडेनऊच्या शोला जा. मीही हा चित्रपट अजून पाहिलेला नाही, ज्येष्ठ मंडळींच्या व्हॉट्सअॅपवर त्याबद्दल कोणी काही बोललं नाही आणि माझ्या हातून तो राहून गेला. गुरुवारचं तिकीट आज काढलं आहे. मध्यंतरानंतर काय होतं ते मला कोणी सांगू नका. बुकिंगच्या नकाशात माझं एकटीचं आसन भरलेलं दिसतंय, म्हणजे शो रद्द व्हायची भीती आहेच. तू आलीस तर दोघी होऊ. त्या दादाच्या घरची आठजणं रविवारी राहून गेली होती ना, त्यांनाही विचार.

तुझी,
ताई